रस्ता सगळ्यांचा, चेहरा ज्याचा त्याचा

पोस्ट लांब आहे. कॅमेरा किंवा मोबाइल घेऊन बाजारात फिरणाऱ्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती. बाकीच्यांनी वर सरकवली तरी राग नाही.

गेल्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर एका फोटोवॉकची जाहिरात आली. रविवारी पहाटे दादरचा फूलबाजार, मग भुलेश्वर, शेवट क्रॉफर्ड मार्केट. फी, नाश्ता, सर्टिफिकेट, सगळं व्यवस्थित. खाली नवशिक्यांसाठी सूचना होत्या. त्यातली तिसरी अशी होती की झूम लेन्स आणा, दुरून काढा, समोरच्याला कळू देऊ नका, कळलं की फोटो मेला.

वाचून डोकं फिरलं. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा कळलं की राग त्या आयोजकांवर कमी आणि स्वतःवर जास्त आहे. नऊ वर्षं मी हेच करत होतो, दोन-चार पोरांना हेच शिकवलंही होतं. ती सूचना मीच लिहिलेली असावी इतकी ती माझ्या भाषेत आहे. म्हणून आयोजकांचं नाव घेत नाही. माझी गोष्ट सांगतो.

२०१८ चा पावसाळा. मुंबईतलं एक स्टेशन, बाहेर रोजचा बाजार. कुठलं स्टेशन ते लिहीत नाही. का लिहीत नाही, ते पुढे कळेल.

पुलाच्या जिन्यापासून थोडी बाजूला, भिंतीला टेकून एक मावशी बसायच्या. कोथिंबीर, मिरची, लिंबू, कढीपत्ता, आलं. डोक्यावर निळी ताडपत्री, तिचं एक टोक भिंतीतल्या खिळ्याला, दुसरं एका बांबूला. समोर पोत्यावर लिंबांचा ढीग आणि त्यावर बॅटरीवरचा पिवळा दिवा. सकाळी सातची वेळ, आभाळ काळं, ताडपत्रीवरून पाण्याची धार आणि मागे लोकलमधून उतरलेली माणसं छत्र्या उघडत जिन्यावरून खाली येतायत. फोटोग्राफर असाल तर तुमचे हात आत्ताच शिवशिवले असतील. माझेही शिवशिवले. रस्त्यापलीकडे एका बंद दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो, झूम पूर्ण लांब केला, २०० मिलिमीटर, आणि पंचवीस-तीस फ्रेम मारल्या. मावशींना पत्ता नाही. त्यांच्याकडून लिंबू घेतलं नाही, त्यांच्याशी बोललो नाही, जवळूनही गेलो नाही. घरी आलो.

त्यातला एक फोटो खरंच चांगला होता. आजही म्हणतो. छत्र्यांची काळी भिंत आणि तिच्या पायथ्याशी तो एक पिवळा दिवा. रात्री टाकला. स्टेशनचं नाव, पुलाचं नाव, सकाळची वेळ, नकाशावरची खूण, सगळं सकट. वर दोन ओळी, 'हीच खरी मुंबई' छापाच्या. लाइक्स, शेअर, 'काय पकडलंयस भावा!' मी खूश.

तिसऱ्या दिवशी तो फोटो एका अनोळखी माणसाने उचलला. त्याच भागातला रहिवासी असावा. त्याने लिहिलं होतं की बघा, पुलाच्या पायऱ्यांवर धंदा लावलाय, उद्या चेंगराचेंगरी झाली तर जबाबदार कोण? खाली सगळ्या संबंधितांना टॅग.

या माणसाला मी शिव्या घालणार नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २३ माणसं चेंगरून मेली. तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पुलाची पायरी मोकळी असली पाहिजे हे त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं.

फक्त मावशी पायरीवर बसलेल्या नव्हत्या.

जिना आणि त्यांचं पोतं यांच्यात दहा-बारा फूट मोकळी जागा होती. फोटोत ती दिसत नव्हती, कारण मी ती खाऊन टाकली होती. लांब उभं राहून झूमने फोटो काढला की पुढचं आणि मागचं एकमेकांना चिकटतं. दहा फूट अंतर बोटभर दिसतं. तुरळक गर्दीसुद्धा तुडुंब दिसते. हे फोटोग्राफीतलं पहिलीचं गणित आहे आणि आम्ही ते मुद्दाम वापरतो, कारण गर्दी 'भरीव' दिसते. माझ्या फोटोत मावशी जिन्याच्या पायथ्याला, येणाऱ्या माणसांच्या पायात बसलेल्या दिसत होत्या. बघणाऱ्याने जे दिसलं त्यावर विश्वास ठेवला. त्याचं काय चुकलं?

गाडी आली. फेरीवाल्यांच्या जगात नुसतं 'गाडी' म्हटलं की पुरतं. ती आधीही यायची, पण तेव्हा पाच मिनिटं आधी शिट्टी व्हायची, पोती उचलली जायची. या वेळी आली ती थेट त्या ताडपत्रीपाशी. कुणाच्यातरी हातातल्या मोबाइलमध्ये माझा फोटो होता.

हे मला आठवड्याने कळलं. फोटोची एक मोठी प्रिंट करून घेऊन गेलो होतो. चांगुलपणा वगैरे काही नाही, मावशींच्या हातात त्यांचाच फोटो देऊन त्याचा अजून एक फोटो काढायचा होता. मावशी होत्या, पण वीस-पंचवीस पावलं पलीकडे, गल्लीच्या तोंडाशी, ताडपत्रीशिवाय, एका छत्रीखाली. समोर कोथिंबिरीच्या जेमतेम दहा जुड्या. प्रिंट बघितली आणि म्हणाल्या,

"तूच का रं तो फोटूवाला?"

त्यांच्या भाच्याने मोबाइलवर दाखवला होता. ताडपत्री, वजनकाटा, लिंबांचं पोतं, दिवा, सगळं गेलं होतं. त्यांच्या हिशेबाने तेवीसशेचं नुकसान. वर तीन दिवस धंदा नाही. नवा काटा घ्यायला रोजच्या व्याजाने पैसे उचललेले. मी सुन्न. तोंडातून निघालं ते असलं बावळट की लिहायची लाज वाटते. "मावशी, मला माहीत नव्हतं."

"आरं बाबा, मी पायरीवर कवा बसले? लोकं पडतील ना. मला काय कळत न्हाई?" मग प्रिंट पुन्हा हातात घेऊन बराच वेळ बघितली. "फोटू चांगला हाय. पण इचारलं असतंस तर सांगितलं असतं, कुठनं काढायचा."

सगळी पोस्ट या एका वाक्यासाठी लिहितोय.

आमच्या धंद्यात असा समज आहे की विचारलं की फोटो मरतो. माणूस सावध होतो, पदर सावरतो, हसून उभा राहतो, 'नैसर्गिक क्षण' गेला. काही प्रमाणात खरं आहे. पण विचारलं की अजून एक गोष्ट होते, ती आम्ही कधी सांगत नाही. समोरचा माणूस त्या जागेबद्दल आपल्यापेक्षा जास्त जाणतो आणि ते तो आपल्याला सांगतो. ऊन कधी कुठे येतं, पाणी कुठे साचतं, कुठली माणसं रोजची, कुठली नवी. जागा आपली का, उधारीची का, दिवसाला किती मोजून मिळालेली. कुठली गोष्ट फोटोत आलेली चालेल आणि कुठली आली तर महागात पडेल. मावशींना कॅमेऱ्यातलं काही कळत नव्हतं, पण माझा फोटो कुठे खोटं बोलतोय हे त्यांनी बघताक्षणी ओळखलं. मला नऊ वर्षांच्या अनुभवानंतर ते कळलं नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. बाजारात दुरून, लपून काढलेला फोटो शिष्टाचाराला धरून नाही हा मुद्दा दुय्यम. असा फोटो खोटा असण्याची शक्यता जास्त असते आणि त्या खोट्याची किंमत फोटोतला माणूस भरतो, हा खरा मुद्दा. लाइक्स माझे, दंड मावशींचा.

आता नेहमीचे आक्षेप. एकेक घेऊ.

पहिला. 'सार्वजनिक जागा आहे, परवानगी कसली?'

कायद्याने बघाल तर हा मुद्दा भक्कम आहे. सार्वजनिक रस्त्यावर फोटो काढायला सरसकट बंदी घालणारा कायदा आपल्याकडे नाही आणि नसावाच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे असा स्वतःहून काढलेला फोटो फोटोग्राफरच्या मालकीचा. मावशींच्या चेहऱ्याच्या त्या फोटोचा कागदोपत्री मालक मी, मावशी नाहीत. विचित्र वाटतं, पण आहे. त्याच वेळी २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीयता हा मूलभूत हक्क मानला. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणजे त्याने खासगीयता सोडून दिली असं होत नाही, असंही त्या निकालात आहे. म्हणजे रस्ता सार्वजनिक आहे, चेहरा रस्त्याबरोबर आपोआप सार्वजनिक होत नाही.

बाहेरच्या देशांतही हे भांडण झालेलं आहे. फिलिप-लॉर्का डिकॉर्सिया नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने १९९९ ते २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरला फ्लॅश लपवून, लांबून, जाणाऱ्या-येणाऱ्यांचे चेहरे टिपले. प्रिंट हजारो डॉलरना विकल्या गेल्या. त्यातल्या एका वृद्ध ज्यू गृहस्थांनी, आपल्या धर्मात हे चालत नाही म्हणून, दावा लावला. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने तो फेटाळला. ही कला आहे, म्हणाले. उलट कॅनडात क्युबेकमधल्या एका १७ वर्षांच्या मुलीचा, पायरीवर बसलेली असतानाचा फोटो न विचारता मासिकात छापला, तेव्हा १९९८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला आणि दोन हजार डॉलरची भरपाई कायम केली. एकाच खंडावरची दोन कोर्टं, दोन उलटी उत्तरं. तेव्हा 'कायदा माझ्या बाजूने आहे' एवढ्यावर वाद मिटत नाही. आपल्या अंगणात कचरा टाकू नये असं सांगायला तरी कुठे कायदा लागतो?

आणि एक विचारतो. हाच 'सार्वजनिक जागा' नियम आपण सगळीकडे लावतो का? लोअर परळच्या काचेच्या ऑफिसातून बाहेर पडणाऱ्या साहेबाचा, सिगारेट ओढताना, झूमने, न विचारता फोटो काढून 'हीच खरी मुंबई' असं लिहून टाकलाय का कुणी? टाकणार नाही. तो माणूस वकील पाठवेल. बाजारातली बाई पाठवणार नाही, ही आपल्या तथाकथित स्वातंत्र्याची खरी हमी आहे. धीट फोटोग्राफी म्हणून आपण मिरवतो ती बहुतेक वेळा गरिबापुरतीच धीट असते.

दुसरा आक्षेप. 'आम्ही त्यांचं आयुष्य जगासमोर आणतो.'

माफ करा, पण हे दीडशे वर्षांहून जुनं गाणं आहे. १८६३ ते १८६६ मध्ये विल्यम जॉन्सन या साहेबाने मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. त्यातली गंमत अशी की बऱ्याच फोटोंत माणसं एका ठिकाणी उभी करून टिपलेली आणि मागचं दृश्य दुसरीकडचं आणून जोडलेलं. माणूस एकीकडचा, पार्श्वभूमी दुसरीकडची आणि खाली त्याच्या नावाऐवजी त्याच्या जातीचं नाव. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावर वर मान करून बघा. १८६९ ची इमारत, लॉकवुड किपलिंगने घडवलेली शिल्पपट्टी, त्यात शेतात राबणारी माणसं. दगडातली माणसं या शहराला कायमच आवडली. त्यांना जागा लागत नाही, काटा लागत नाही, ताडपत्री लागत नाही.

आणि आमच्या कॅप्शन? 'कष्टाचं सोनं', 'मुंबई स्पिरिट', 'हसरी गरिबी'. एकात तरी भाव असतो का, की लिंबू शेकडा कितीला पडलं? जागेचं भाडं कोण घेतं? लघवीला जायचं तर ही बाई कुठे जाते आणि तेवढ्या वेळात पोत्याकडे कोण बघतं? आयुष्य समोर आणायचं तर हे आणा. पण हे कळायला लांबून चालत नाही, शेजारी उकिडवं बसावं लागतं.

जगासमोर आणलेल्या चेहऱ्यांचं पुढे काय होतं, तेही बघा. १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत स्टीव्ह मॅकरीने एका हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा फोटो काढला. १९८५ मध्ये तो नॅशनल जिऑग्राफिकच्या मुखपृष्ठावर आला आणि जगभर घराघरांत गेला. त्या मुलीचं नाव शरबत गुला, हे जगाला कळलं २००२ मध्ये. म्हणजे सतरा वर्षं चेहरा विकला जात होता आणि बाईला नाव नव्हतं. २०१६ मध्ये पाकिस्तानात बनावट ओळखपत्राच्या आरोपाखाली तिला अटक झाली, तेव्हा पुन्हा तोच चेहरा जगभर. इतकी वर्षं गेली, पण लपायची सोय राहिली नाही. ही जगप्रसिद्ध गोष्ट. आपल्या बाजारातल्या गोष्टी छोट्या असतात, त्यांची बातमी होत नाही. गावाकडे 'कंपनीत आहे' म्हणून सांगितलेला पोरगा आपल्या रीलमध्ये हातगाडी ढकलताना दिसतो. घरच्यांशी भांडून निघून आलेली बाई नकाशावरच्या खुणेसकट झळकते. आपण ओळखत नाही म्हणून तो चेहरा अनोळखी होत नाही. कुणीतरी ओळखतंच.

तिसरा आक्षेप, खरं तर सूचना. 'मग बाजारात कॅमेऱ्याला बंदीच करा.'

ही सूचना ऐकली की मी फोटोग्राफरांच्या बाजूने उभा राहतो आणि तावातावाने भांडतो. 'फोटो अलाउड नाही' म्हणून अंगावर येणारा प्रत्येक सिक्युरिटी गार्ड, बाहेरच्या फुटपाथवरसुद्धा, आपल्याला माहीत आहे. त्याला कुठल्या नियमाने असं विचारा, उत्तर नसतं. बंदी आली की ती पहिल्यांदा आपल्यावर येते आणि ज्याला खरंच काही लपवायचं आहे तो सुटतो. खांबाखांबावरच्या सीसीटीव्हीला कुणी परवानगी विचारत नाही, ती तशीच चालू राहणार. बंद होणार ते फक्त माणसाच्या हातातले कॅमेरे.

आणि बाजाराला त्या कॅमेऱ्याची गरज आहे. २०१४ चा पथविक्रेता कायदा वाचा, मराठीतही मिळतो. सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रं मिळेपर्यंत पथविक्रेत्याला हटवायचं नाही, असं त्यात आहे. हटवायचं तर ३० दिवसांची नोटीस. माल जप्त केला तर त्याची यादी करून तिची प्रत द्यायची. ठरलेलं शुल्क भरून मागणी केली की नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामाच्या दिवसांत परत. प्रत्येक शहरात नगर पथविक्रेता समिती, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांचे. स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाला नको हा उच्च न्यायालयाचा २०१७ चा निकालही मला माहीत आहे. मावशी तिथे बसाव्यात की नाही यावर वाद होऊ शकतो, व्हावाही. चालणाऱ्यालाही फुटपाथ लागतो, माझ्या आईला त्याच जिन्यावरून गुडघे धरून उतरावं लागतं. पण वाद खऱ्या अंतरावर व्हावा, माझ्या लेन्सने आवळलेल्या अंतरावर नाही.

मावशींना यादी मिळाली नव्हती. त्यांनी मागितलीही नाही, कारण मागायला जायचं म्हणजे अजून एका दिवसाचा धंदा बुडवायचा. समजा त्या सकाळी तिथे कुणी कॅमेरेवाला असता आणि त्याने फक्त काय काय गाडीत चढवलं एवढं टिपलं असतं, तर तीच यादी झाली असती. पण गाडी येते तेव्हा आम्ही कुठे असतो? घरी, रविवारच्या फोटोंचे रंग दुरुस्त करत. सोनेरी उजेड गेला की आमचा बाजारातला रस संपतो.

'पण मग कलेचं काय?' हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून त्याचंही उत्तर देतो. रघु राय यांचा १९९५ चा चर्चगेट स्टेशनचा फोटो आठवा. लांब एक्सपोजर. लोकलची सगळी गर्दी धुरासारखी विरघळलेली आणि मधे पेपर वाचत बसलेली मोजकी माणसं तेवढी स्थिर. जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी एकाचा चेहरा ओळखता येत नाही, तरी फोटो बघताच कुठल्याही मुंबईकराच्या पायात धावपळ येते. कुणाला न दुखावता शहर दाखवायच्या वाटा आहेत. हात, पाठ, सावल्या, पाय, काट्यातली वजनं, ओल्या पोत्यावरची लिंबं. आणि चेहराच हवा असेल, हवाच असतो, मलाही हवा असतो, तर तो मागून घ्या. चोरलेल्या आंब्याची गोडी लहानपणी ठीक होती.

मी आता काय करतो ते सांगतो. नियम म्हणून नाही, माझं चालतंय म्हणून.

झूम घरी ठेवतो. साधी ३५ ची लेन्स. तिने चेहरा टिपायचा तर चार पावलांवर जावंच लागतं आणि चार पावलांवर गेलं की तोंड उघडावंच लागतं. अंतराचं खोटंही कमी होतं, भिंत भिंतीच्या जागी आणि जिना जिन्याच्या जागी दिसतो.

आधी काहीतरी विकत घेतो. घासाघीस न करता.

कधी आधी विचारतो, कधी फोटो काढून लगेच दाखवतो. क्षण निसटेल असं वाटलं तर आधी काढतो, मग जाऊन स्क्रीन समोर धरतो. 'नको' म्हणाले तर त्यांच्यासमोर पुसतो. आतापर्यंत पुसलेल्यांत तीन-चार फार चांगले होते. दुःख होतं, खोटं कशाला बोलू. संध्याकाळपर्यंत जातं.

लहान मुलांचे काढत नाही, सोबतचं मोठं माणूस हो म्हणेपर्यंत. कुणी जेवत असेल, झोपलं असेल, रडत असेल, तर कॅमेरा खाली.

नेमकी जागा आणि वेळ लिहीत नाही. नकाशावरची खूण तर कधीच नाही.

पुढच्या वेळी जाताना पोस्टकार्ड आकाराची प्रिंट नेतो. आपल्या एका कटिंग चहा-वडापावाएवढा खर्च. बाजारात ती प्रिंट चार दुकानं फिरते, लोक हसतात, 'माझा पण काढ' म्हणतात. लपून काढायची गरजच उरत नाही.

आणि गाडी दिसली तर कॅमेरा गाडीकडे. नंबर प्लेट, चढवलेला माल, घड्याळाची वेळ. रडणाऱ्या बाईचा चेहरा नाही. ती क्लिप टाकायची की नाही हे मी ठरवत नाही, ज्याचा माल त्याच्या मोबाइलवर पाठवतो.

एवढं करून मी काही संत झालेलो नाही. मावशींना नुकसानीचे पैसे द्यायला गेलो तेव्हा त्यांनी आधी घेतले नाहीत. "तू न्हाई नेलं ना पोतं," म्हणाल्या. शेवटी भाच्याने काट्याचे तेवढे घेतले. तो फोटो मी सगळीकडून काढून टाकला, पण दुसऱ्यांनी घेतलेल्या प्रती अजून फिरतात. गेल्या वर्षी एका फॉरवर्डमध्ये तोच पिवळा दिवा दिसला, खाली कुठल्याशा दुसऱ्याच शहराचं नाव. काढून टाकलेला फोटो परत येत नाही असं नसतं.

मावशी अजून बसतात. जागा दोनदा बदलली. गेल्या गणपतीच्या आधी त्यांचा एक फोटो काढला, त्यांनी सांगितलेल्या जागेवरून. डावीकडून, जिना पूर्ण दिसेल असा, मधली रिकामी जागा स्पष्ट दिसेल असा. फोटो म्हणून तो साधा आहे, कुठल्या स्पर्धेत पहिल्या फेरीत बाहेर जाईल. त्याची प्रिंट त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोत्याखाली ठेवलीय. कुणी विचारलं तर दाखवायला, की बघा, मी पायरीवर बसत नाही.

माझ्या आयुष्यात कुणाच्या उपयोगी पडलेला हा एकच फोटो. तो इथे टाकत नाही. तो माझा नाही.

तर रविवारी फोटोवॉकला जाणाऱ्या मुलामुलींनो, जरूर जा. दादरचा फूलबाजार पहाटे बघण्यासारखाच असतो, झेंडूच्या राशींतून वाफ निघत असते. फक्त ती तिसरी सूचना खोडा. हमाल डोक्यावर पाटी घेऊन येतोय तेव्हा वाटेतून बाजूला व्हा, त्याचा 'बाजू' हा शब्द तुमच्या फोटोचा भाग नाही. वीस जणांनी मिळून एका म्हातारीला घेरू नका. एकट्याने जा, एक गजरा घ्या, नाव विचारा, स्वतःचं सांगा. मग कॅमेरा वर उचला.

समोरून 'नको' आलं तर ते 'नको' घेऊन घरी या. बाजारातून रोज काही ना काही न घेता परत येतोच की आपण.